दोन कडव्यांमधलं बोलणं

ध्वनिसंग्रहालयात त्याला सगळे ब्लेड म्हणत. तोंडावर ब्लेडसाहेब, पाठीमागे नुसतं ब्लेड. नाव पडलं ते कामावरून. त्या काळी आवाज टेपच्या रिळावर घेत आणि नको असलेला भाग दाढीच्या ब्लेडने तिरका कापून उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडून टाकत. हे काम त्याच्याइतक्या सफाईने करणारा दुसरा माणूस त्या इमारतीत नव्हता. खोकला असो, भांडं आपटल्याचा आवाज असो, मध्येच आरवलेला कोंबडा असो, तो असा उडवायचा की गाणाऱ्या बाईलाही पत्ता लागू नये. कापलेले तुकडे गळ्यात लटकवून तो दिवसभर हिंडे आणि संध्याकाळी ते टोपलीत टाकून, हात झटकून घरी जाई. स्वतःवर तो भलताच खूश असे. आता खूश राहायला त्याला फार काही लागत नसे, ही गोष्ट वेगळी.

संग्रहालयाचं काम तीन देश मिळून चालवत होते. डोंगराळ भागातल्या लोकांची गाणी नाहीशी व्हायच्या आत जमवून ठेवायची, अशी योजना होती. एका देशाने यंत्रं दिली, दुसऱ्याने शिकवायला माणसं पाठवली. गाणी, धूळ आणि हेलपाटे आपल्याकडचे. शिकवायला आलेल्या बाई फार शिस्तीच्या होत्या. गाणं तेवढं ठेवायचं, बाकी सगळा कचरा, असं त्यांचं सांगणं. ब्लेडला ते इतकं पटलं की बाई मायदेशी परत गेल्यावर तो त्यांच्यापेक्षाही कडक झाला. परदेशातून रिळं तपासून पत्र आलं की याचं काम नमुन्यादाखल विद्यार्थ्यांना ऐकवलं जातं. ते पत्र त्याने घरी, कार्यालयात, शेजारी, जिथे जिथे दाखवता येईल तिथे दाखवलं. बायको म्हणाली, ‘आता दूधवाल्याला तेवढं दाखवायचं राहिलंय.’

त्याची थोरली बहीण डोंगरातल्या गावात दिलेली होती. तिथल्या बायका वरच्या झऱ्यांवरून पाणी आणायच्या आणि येता-जाता गायच्या. ताई पुढे, बाकीच्या तिच्या मागे. योजनेत आपल्या सख्ख्या बहिणीची गाणी असावीत असं कोणाला वाटणार नाही? ब्लेड यंत्र घेऊन तिच्या दारात हजर झाला.

ताईने गायला सुरुवात केली. आवाज खणखणीत. पण तिची एक खोड होती. एक कडवं झालं की ती थांबायची आणि बोलायला लागायची. हे कडवं कुठल्या झऱ्याचं, त्याला पाणी डोंगराच्या कुठल्या अंगाने येतं, कुठल्या महिन्यात त्याच्यावर घागर लावायची नाही, त्याच्या वरच्या उतारावर गुरं का सोडायची नाहीत, सासूने तिला हे कसं सांगितलं आणि सांगताना कशी बोलणी खायला घातली. मग पुढचं कडवं, मग पुढचा झरा. त्या बायका गाणं म्हणायच्या ते बोलणं जागच्या जागी आठवावं म्हणून. कडवं ही नुसती खुंटी, अडकवायचं ते बोलणं. ही त्यांची रीत होती. ब्लेडला वाटलं, ताईला मशीन बघून चेव चढलाय.

‘घेतोयस ना रे सगळं?’ ती मध्येच विचारायची.

‘घेतोय, ताई.’

‘माझं बोलणंपण?’

‘अगं घेतोय म्हटलं ना. तू गा आता.’

खोटं नव्हतं ते. रीळ फिरत होतं, त्यावर सगळं येत होतं. शहरात परतल्यावर त्याने ब्लेड काढलं. गाण्यापेक्षा बोलणंच जास्त निघालं तेव्हा तो चांगलाच वैतागला. कापताना त्याचं लक्ष बोलणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं एवढ्यावरच असे. मधे काय म्हटलंय ते ऐकायची त्याला सवयच राहिली नव्हती. गाणं जोडून तयार झालं तेव्हा कडव्याला कडवं असं चिकटलं होतं की वा! ताईला त्याने एक कॅसेट नेऊन दिली. ती हसली आणि म्हणाली, ‘माझंच गाणं मी काय ऐकू? तुझ्याकडे आहे ना, बास.’ कॅसेट वाजवायला तिच्याकडे यंत्रही नव्हतं. विषय संपला.

पुढे गावात खालच्या नदीवरून नळ आला. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली आणि वर जायचं कारण उरलं नाही. ब्लेड निवृत्त झाला. ताई म्हातारी झाली, तिच्याबरोबर गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. मग तिला झटका आला, एक बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख राहिली. ब्लेड भेटायला जायचा, उशाशी बसायचा आणि इकडच्यातिकडच्या गप्पा एकटाच मारायचा.

एके दिवशी सकाळी त्याच्या दारात दोन माणसं आली. एक पाण्यावर संशोधन करणारी तरुणी होती आणि दुसरा तिच्याबरोबर काम करणारा परदेशी पाहुणा, चौकटीत डोकं आपटेल इतका उंच. आता दोन देशांच्या विद्यापीठांनी मिळून नवं काम काढलं होतं. नदी उन्हाळ्यात कोरडी पडत होती, नळाला पाणी नव्हतं, आणि डोंगरातले बुजलेले झरे पुन्हा वाहते करायचे होते. त्यासाठी कुठल्या झऱ्याला पाणी कुठून येतं हे कळायला हवं होतं. नाहीतर आख्खा डोंगर खणत बसावं लागणार.

‘काका, गावात ज्या ज्या बाईला विचारलं, तिने तुमचंच नाव सांगितलं,’ संशोधक म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. ‘तुमच्या ताईंच्या सूनबाई म्हणाल्या, आम्ही विचारायचो तेव्हा सासूबाई म्हणायच्या, भावाच्या मशीनमध्ये सगळं भरून ठेवलंय, मोठमोठ्या देशांनी जपून ठेवलंय, पुन्हा कशाला सांगू?’

ताईने सुनेला काही सांगितलं नव्हतं, कारण तिने ते ब्लेडला सांगितलं होतं.

‘मूळ रिळं नाहीत,’ तो म्हणाला. ‘जोडलेली आहेत. गाणी आहेत त्यात. बोलणं... बोलणं आम्ही ठेवत नसू.’

‘पण कापलेले तुकडे? कुठे बाजूला?’

‘टोपलीत.’

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने खाली मान घातली आणि पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगितलं. पाहुणा हळू आवाजात काहीतरी बोलला. ती म्हणाली, ‘ते म्हणतायत, त्यांच्या देशात गेलेली प्रतही तशीच आहे. फार स्वच्छ आहे.’ दोघांपैकी कोणीही त्याला बोल लावला नाही. एखादी शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. शिकवणाऱ्या बाईंवर ढकलायचं त्याच्या मनात येऊन गेलं, पण बाईंनी काही ताईला शब्द दिला नव्हता. तो याने दिला होता.

शेवटी संशोधकच म्हणाली, ‘ताईंना गाणं ऐकवून बघू या का? ऐकता ऐकता काही आठवलं तर हाताने दाखवतील. नकाशा आहे माझ्याकडे.’

संग्रहालयातून गाण्याची प्रत आणि ती वाजवायचं यंत्र घेऊन तिघं गाडीने डोंगरातल्या गावात गेले. ताईची खोली लहान होती, भिंतीला टेकून पलंग, खिडकीतून डोंगर दिसायचा. सुनेने सासूला उशीच्या आधाराने बसवलं, केस सारखे केले, पदर नीट केला. बातमी लागल्यामुळे शेजारच्या दोन सुनाही येऊन उंबऱ्याशी बसल्या. भावाचं मशीन आलं म्हटल्यावर ताईचा अर्धा चेहरा असा उजळला की ब्लेडला तिच्याकडे बघवेना. गाडीत त्याने ठरवलं होतं, आधी सांगून टाकायचं. पण तिने धडधाकट हाताने त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवून घेतलं आणि ते सांगणं राहून गेलं.

संशोधकाने गाणं लावलं. खोलीत ताईचा जुना आवाज भरला. सुना एकमेकींकडे बघायला लागल्या, असा आवाज या बाईचा होता हे त्यांना माहीतच नव्हतं. ताई मान डोलवत होती. पहिलं कडवं संपत आलं तशी तिने बोट वर केलं आणि सुनांकडे पाहिलं. ऐका, आता येतंय.

दुसरं कडवं आलं.

ताईच्या कपाळाला आठी पडली. तिने हाताने खूण केली, मागे घे. संशोधकाने मागे घेतलं. पुन्हा कडवं संपलं, पुन्हा बोट वर गेलं, आणि पुन्हा लगेच पुढचं कडवं, सफाईदार, कुठे सांधा कळू नये असं. ताईने तिसऱ्यांदा खूण केली. आता ती यंत्राकडे रागाने बघत होती.

‘मामा, मशीन बिघडलंय का हो?’ सुनेने विचारलं.

हो म्हणाला असता तर सगळे सुटले असते. ताईने यंत्राला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या असत्या आणि भावाचा हात धरून बसून राहिली असती.

‘मशीन चांगलं आहे,’ ब्लेड म्हणाला. ‘ताई, मी कापलं. तुझं बोलणं मी सगळं कापून टाकलं गं. मला वाटलं, त्याचा काय उपयोग.’

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खाली मान घातली. तिने त्याचा हात सोडला, आणि तो आता मार खायच्या तयारीत बसला. पण तिला त्याच्यासाठी वेळ नव्हता. तिने मान सुनांकडे वळवली, तोंड उघडलं आणि जोर लावला. गळ्याच्या शिरा ताठल्या. घोगरा, आडवातिडवा आवाज बाहेर आला. सून चटकन पुढे सरकली, संशोधकाने घाईघाईने नकाशा उलगडला, पण कागदावरच्या त्या रेषांत ताईला तिचा डोंगर सापडेना. ताईने खिडकीकडे हात केला, सगळ्या डोंगराकडेच, आणि पुन्हा तोच आवाज काढला. मग पुन्हा. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली ती सुनेने पदराने पुसली.

‘आई, राहू द्या,’ सून म्हणाली. ‘दमाल.’

ताई थांबेना.