खड्ड्यांच्या रस्त्याने आलेली बाटली

आमच्या शेजारचे सर कॉलेजात शिकवतात. पाण्यातले जंतू तेलाचा थेंब किती दिवसांत खातात, याचं गणित ते कॉम्प्युटरवर मांडतात. बोलताना उठसूट ‘बहुतेक’ जोडतात.

एकोडीच्या तलावात पाणी उपसायच्या इंजिनाचं डिझेल सांडलं, तेव्हा तिथल्या पाण्याची बाटली मीच मोटरसायकलवरून आणून दिली होती. सर म्हणाले, “पंधरा दिवसांत साफ होईन, बहुतेक.” तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांनी सोळाव्या दिवशी माशांची पिल्लं सोडायचं ठरवलं.

सोळाव्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात आले.

“भाऊ, बाटली कशी आणली होती?”

“डिक्कीत. काहून?”

“रस्त्यानं हलली असन, बहुतेक.”

“हलली म्हणजे? पार घुसळून निघाली.”

सर पायरीवरच बसले. “म्हणून थेंब बारीक दिसले मले. बारीक थेंब जंतू लवकर खातात. तलावात तर मोठेच असतीन, बहुतेक.”

तिकडे फोन लागेना. मी गाडी काढली. वाटभर सर माझा खांदा घट्ट धरून होते.

काठावर पिल्लांच्या पिशव्या येऊन पडल्या होत्या. एका ढिवरीणबाईंनी विचारलं, “सर, सोडू ना?”

“नका सोडू, बाई. माझंच चुकलं.”

त्यात ‘बहुतेक’ नव्हतं. पिशवीतली पिल्लं मात्र हवेसाठी तोंडं वर करू लागली होती.