वाफ्यांवरची नावं

एकोणीसशे तीसच्या पुढेमागे संगमेश्वराहून दोन कोसांवरच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. चार इयत्तांना मिळून मी एकटाच. नोकरीचं ते तिसरं वर्ष. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचा तो काळ.

भाताची झोडणी आटोपल्यावर एका सकाळी एक बाई आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. नवरा मुंबईला गिरणीत, घरात दुसरं माणूस नाही. पोरीला एकटी टाकून रानात जाववत नाही, तेव्हा दुपारपर्यंत हिला शाळेत बसवून घ्या, एवढंच तिचं मागणं. जिला ऐकूच येत नाही तिला मी काय शिकवणार, असं मी विचारलं.

"शिकवू नका, गुरुजी," ती म्हणाली. "नुसती बसू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला लागलं. मी हो म्हटलं.

दोन दिवसांत मुलगी कंटाळली. मग मी तिला शाळेच्या बागेत पाठवू लागलो. त्यात माझी हुशारी काही नव्हती. ती डोळ्यांआड झाली की मला बरं वाटे. शाळा कातळावर, तिथे माती कुठली? मुलांनी नदीकाठचा गाळ टोपल्यांनी वाहून आणून दगडी गडग्याच्या आत सहा वाफे केले होते. प्रत्येक वाफ्यात एक कामटी रोवलेली, तिच्यावर खोक्याच्या फळीचा तुकडा आणि त्यावर डांबरानं लिहिलेलं नाव: मुळा, मोहरी, माठ, वांगी, मिरची, वाल. ती मुलगी पाणी घाली, तण काढी. त्यापलीकडे मी कधी पाहिलं नाही.

एकदा मधल्या सुट्टीत कुणाची तरी गुरं आत शिरली आणि फळ्या चहूकडे उडाल्या. गुरं हाकून मुलं फळ्या परत लावू लागली, पण मुळा कुठला आणि मोहरी कुठली यावर त्यांचं भांडण जुंपलं. नुकती दोन-दोन पानं फुटलेली; मलाही फरक सांगता येईना. तेवढ्यात ती मुलगी पुढे झाली, मुलांच्या हातातल्या फळ्या तिनं काढून घेतल्या आणि एकेक बघून ज्या त्या वाफ्यात रोवल्या.

तिला फळ्यांचे आकार लक्षात असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण राहवेना. पाटीवर 'मिरची' लिहून तिच्यापुढे धरलं. ती चालत गेली आणि मिरचीच्या रोपाला बोट लावून माझ्याकडे वळून पाहू लागली. मग 'वाल' लिहिलं, मग 'माठ'. एकदाही ती चुकली नाही. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे मला शरम वाटली.

त्या दिवसापासून मी कळशीवर, दारावर, विहिरीच्या दगडावर खडूनं नावं लिहू लागलो. आईला उभी करून 'आई' लिहिलं. वस्तूंची नावं ती झरझर उचले आणि पाटीवर गिरवी. मात्र 'ये', 'जा', 'दे' हे मला तिला नीट शिकवता आलं नाही.

शिमग्याच्या आधी तिनं बापाला कार्ड लिहिलं. पत्ता मी लिहिला, बाकी अक्षर तिचं: मुळा, वाल, मिरची, पाणी, आई, आणि खाली स्वतःचं नाव.

सणाला बाप आला तो घरी बोचकं टाकून थेट शाळेत. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. चाळीतल्या एकानं कार्ड वाचून दाखवलं आणि बायको मुंबईहून भाजी मागवते की काय म्हणून सगळे हसले होते. मग वाचणाऱ्यानं खालचं नाव वाचलं. तेव्हा कुणी हसलं नाही, असं तो म्हणाला.

"हे तिनंच लिवलं?" त्यानं मला दोनदा विचारलं.

मुलीनं त्याचा हात धरला आणि त्याला बागेत नेलं. एकेका फळीपुढे बसवून त्याचं बोट अक्षरांवरून फिरवलं.  शेवटच्या फळीपाशी तो मान वर करून म्हणाला, "गुरुजी, मीच अडाणी होतो तर."

रजा संपेपर्यंत तो रोज येत राहिला. मुंबईला परतल्यावर त्याचं पहिलं कार्ड आलं. त्यात 'मिरची'ची वेलांटी चुकली होती. मुलीनं ती पेन्सिलीनं दुरुस्त केली आणि कार्ड सगळ्या वर्गाला दाखवत फिरली.

पुढल्या वर्षी माझी बदली बुरोंडीकडे झाली. मुलीची कार्डं दोन वर्षं येत होती. शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं, 'वालाला शेंगा आल्या. तुम्ही या.' अशी पुरी वाक्यं मी तिला शिकवली नव्हती. कुणी शिकवली, की तिची तीच शिकली, हे मी जाऊन विचारायला हवं होतं. मी गेलो नाही. कामाचं निमित्त होतं. ते काय काम होतं, हे आज आठवतही नाही.