ब्रदरनी शिकवलेला फटका

आम्हाला हॉकी शिकवणारे मिशनरी ब्रदर आयर्लंडचे. तरुणपणी ते तिकडे आपल्या जिल्ह्याच्या संघातून हर्लिंग खेळायचे. हाही काठी-चेंडूचाच खेळ, पण त्यात चेंडू हवेतल्या हवेत मारतात आणि काठी डोक्यावर गेली तरी कोणी हरकत घेत नाही. गुडघा कामातून गेला, खेळ सुटला आणि पुढे मिशनने त्यांना बंगळूरच्या छावणीतल्या शाळेत धाडलं. पन्नास-साठच्या दशकातली ही गोष्ट. चामराजपेटहून सायकल हाणत मी त्या शाळेत जायचो तो केवळ त्यांच्यासाठी. अभ्यासाच्या नावाने आनंदच होता.

शिकवायचे मात्र झकास. काठी पार मागे नेऊन मी सणसणीत फटका मारला की लंगडत धावत यायचे, "सरी, सरी!" असं कानडीत "बरोबर, बरोबर" म्हणत पाठ थोपटायचे. हॉकीत तेव्हा काठी खांद्याच्या वर गेली की फाउल. बाकीच्या पोरांना ते त्यावरून झापायचे, मला कधीच नाही. शाळेच्या सामन्यांत अंपायर म्हणजे कोणीतरी मास्तर, तेही सोडून द्यायचे. माझी काठी नियमात बसते, अशी माझी खात्रीच झाली.

शाळा संपली तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या संघाची निवड होती. संघात घेतलं की नोकरी पक्की. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. घरात मिळवतं कोणी नव्हतं. निवडीच्या सामन्याला अंपायर म्हणून ब्रदरनाच बोलावलेलं. म्हटलं, आपलाच माणूस आहे, आता कसली काळजी!

मी गोल मारला. त्यांनी शिट्टी फुंकली, काठी वर गेली म्हणून. पुन्हा मारला, पुन्हा शिट्टी. मग फटका मारायचीच धास्ती बसली. नोकरी दुसऱ्या कोणाला तरी लागली.

सामना संपल्यावर मी त्यांना गाठलं.

"ब्रदर, हा फटका तुम्हीच शिकवलात ना?"

"हो."

"मग इतकी वर्षं टोकलं का नाहीत?"

ते खाली बघत म्हणाले, "पहिल्याच दिवशी टोकायला हवं होतं. पण तू काठी उचललीस की मला माझ्या गावचं मैदान दिसायचं. ते बंद करवेना."

त्यांनी हात पुढे केला. मी घेतला नाही.

त्या शिट्ट्या मी एक वेळ समजून घेतो. नियम तो नियम. पण पाठीवर पडलेली ती शाबासकी माझ्यासाठी नव्हतीच, हे मला आजही सहन होत नाही.