लिनबाईंची रिकामी भट्टी

अमोल, तू आता टाइल्सच्या धंद्यात पडतोयस म्हणून विचारतो. चीनमधून माल मागवताना विश्वास कुणावर ठेवायचा? सरकारी आकड्यावर, फॅक्टरीच्या फोटोवर, की फोनवरच्या माणसाच्या आवाजावर? मी आवाजावर ठेवला, लिनबाईंच्या. कीवींच्या देशात, हॉर्नबीतलं हे दुकान त्यांच्याच भट्टीच्या जोरावर उभं राहिलं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मी नववी नापास, त्या माझ्याहून एक यत्ता मागे. त्यांचे किस्से इतके साठलेत की गोडाऊनमध्ये टाइल्सना जागा उरली नाही. चहा घे, सांगतो.

* * *

लिनबाईंची फॅक्टरी दक्षिण चीनमधल्या एका छोट्या गावात. एक भट्टी आणि त्यावर पोट असलेली पन्नास-साठ माणसं. वरून हुकूम यायचा, यंदा गावाची वाढ अमुक इतकी झालीच पाहिजे. ती झाली हे गावचे साहेब विजेच्या वापरावरून दाखवायचे. म्हणजे साहेबांचं प्रमोशन मीटरवर!

एका वर्षी ऑर्डरी कमी होत्या. मी व्हिडिओ कॉल लावला, तर भट्टीचे पंखे जोरात, रोलर फिरतायत आणि त्यावर एकही टाइल नाही.

"बाई, भाजताय काय?" मी विचारलं.

"साहेबांचं प्रमोशन," त्या म्हणाल्या.

* * *

ते भाजलं गेलं. साहेब वर गेले, नवे आले. नव्यांना हुकूम उलटा: वीज वाचवा, धूर थांबवा. आठवड्यातले मोजके दिवस वीज. कोळसा बंद, गॅस लावा. आता भट्टी म्हणजे काही घरातली शेगडी नव्हे. एकदा विझवली की पुन्हा नीट तापायला कित्येक दिवस लागतात. माझी ऑर्डर नेमकी मधे सापडली.

माल आला, लोअर हटच्या एका गिऱ्हाइकाच्या लाउंजमध्ये बसला. खिडकीपर्यंतची फरशी मलईच्या रंगाची, पुढची चहाच्या. मी लिनबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, "अर्धी जुन्या धोरणातली, अर्धी नव्या."

नशीब माझं. घरमालक कीवी. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून बरोबर त्या रेषेवर उभा राहिला आणि म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास. "डिझाइन वाटतंय."

* * *

आपले देशपांडे तुला माहीत आहेत, शनिवारी इथे बसतात ते इंजिनिअर. चीनबद्दल त्यांना भारी आदर. माझ्या मागच्या शेडला कौन्सिलची परवानगी मिळेना, तेव्हा लिनबाई फोनवर असतानाच ते म्हणाले की तुमच्याकडे एवढ्या वेळात शहर उभं राहतं.

लिनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एक शहर जास्तीचं आहे. शेडच्या बदल्यात घेता?"

देशपांड्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मी मात्र पोट धरून हसलो. आता वाटतं, तेव्हाच नीट विचारायला हवं होतं.

* * *

ते शहर म्हणजे गावाबाहेरचे टॉवर. साहेबांना वाढ हवी होती आणि बिल्डर तयारच होता. टाइल्स लिनबाईंच्या. पण बिल्डरने मोबदला म्हणून रोख दिलीच नाही, अकराव्या मजल्यावरचे फ्लॅट नावावर करून दिले. तिकडे ही रीतच पडली होती. मग पुन्हा वरून हुकूम, बिल्डरांची कर्जं आवळा. लिनबाईंच्या टॉवरचं काम नवव्या मजल्यावर थांबलं.

"मला घर आहे," लिनबाई सांगायच्या. "फक्त खालचा मजला अजून झाला नाही."

पण फ्लॅटच्या भिंतीचा तुकडा काढून कामगाराला पगार देता येत नाही. ज्या दिवशी भट्टी कायमची विझवली त्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि भट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या की आज इथलं आकाश फार निळं आहे.

* * *

गेल्या महिन्यात पुन्हा त्यांचा व्हिडिओ कॉल. नोकरी लागली म्हणाल्या. कुठे, तर गावच्या साहेबांकडे, त्याच टॉवरांमध्ये. त्यातले काही पुरे झाले होते, पण राहायला कुणी आलं नाही. समोरच्या हायवेवरून मोठ्या साहेबांच्या गाड्या जातात, त्यांना काळोखी इमारत दिसायला नको. म्हणून लिनबाईंनी संध्याकाळी मजल्यामजल्यावर जाऊन दिवे लावायचे. रोज वेगवेगळ्या खिडक्यांतले.

"पैसे वेळेवर मिळतात," त्या म्हणाल्या. "बिल्डरपेक्षा बरं."

बोलताबोलता त्यांनी एका स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि फोन खाली वळवला. फरशी त्यांचीच होती, अर्धी मलई, अर्धी चहा.

"छान दिसतेय ना?"

मी म्हटलं, "घरात कुणीतरी राहतंय असं वाटतं."

"त्यासाठीच तर मला ठेवलंय," लिनबाई म्हणाल्या, आणि पुढच्या फ्लॅटचं दार उघडायला गेल्या.

चहा गार झाला बघ तुझा. धंदा कर अमोल, खूप मोठा हो. फक्त दिवसाकाठी जेवढं विकलं जाईल, तेवढंच वहीत लिहीत जा.