मुसन्नाने पाठवलेला बैल

कर्नल मुसन्ना आमच्याच गावचा. इब्बच्या डोंगरउतारावर त्याच्या बापाचे ज्वारीचे चार वाफे होते, पण मुसन्नाला पीक कधी कळलं नाही, वारा कळायचा. राजधानीत, सनामध्ये, सरकार बदललं की त्याच्या टोपीवरचं चिन्ह बदलायचं, टोपीखालचं डोकं तेच. लढाईत तो कुणाला दिसला नाही. लढाईनंतरच्या फोटोत मात्र मधोमध असायचा.

लुत्फिया त्याच्या चुलतभावाची विधवा. तिचा बशीर नाक्यावरच्या शिपायांच्या वसुलीबद्दल भर बाजारात बोलला आणि मग आजोळी डोंगरात लपला. तेव्हा मुसन्ना तिच्या दारी आला. कमरेचा जंबिया म्यानासकट सोडून त्याने तिच्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी, माझी अब्रू तुमच्याकडे गहाण. पोराला बोलवा, दोन शब्द विचारून सोडतो."

आमच्यात असा जंबिया ठेवला की शब्द मोडायचा नसतो. तिने पोराला बोलावलं. चौकातच त्याच्या हातात बेड्या पडल्या आणि मुसन्नाला बढती मिळाली. जंबिया न्यायला तो फिरकला नाही. शिंगाच्या मुठीचा, महागडा, नवा घेतला.

गाव नुसतं कुजबुजलं. पण त्याच्या मुलीच्या सासरच्यांनी निरोप धाडला, शब्द मोडणाऱ्याच्या घरची सून आम्हाला नको. मग कर्नलसाहेबांना रीत आठवली. त्यांनी लुत्फियाच्या दारात कापायला बैल पाठवला. दारात रक्त सांडलं की माफी द्यावीच लागते. गावचे म्हातारे सुऱ्यांना धार लावून बसले. मांसाच्या वासाने त्यांना न्याय फार लवकर सुचतो.

"बैलाला कुणी हात लावायचा नाही," लुत्फिया म्हणाली. "मी पोरगा दिलाय. पोरगाच परत घेईन."

दावं धरून तिने बैल बाजारातून चालवत नेला आणि मुसन्नाच्या फाटकाला बांधला. दिवसभर तो तिथे हंबरत होता. बघायला शेजारच्या गावचेही लोक आले.

थोड्याच दिवसांत बशीर सुटला. मुसन्ना स्वतः त्याला जीपमधून घेऊन आला, जणू दानधर्म करायला निघालाय. पोरगा लंगडत उतरला आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. मुसन्ना घुटमळला. आमच्याकडे दारी आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात.

"चहा नाही का, वहिनी?"

लुत्फियाने बशीरला आत घेतलं आणि दार लावलं. शेजारच्या एकाही घरातून मुसन्नाला हाक आली नाही. ड्रायव्हर समोरच्या काचेकडे बघत राहिला.