सुटलेल्या चेंडूचा नियम

बाळांनो, हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुमच्या आईला ते तुम्हाला वाचून दाखवावं लागेल. परवा ती म्हणाली, थोरल्याने फुटबॉल सोडलं. म्हणून आजच लिहायला बसले. आणखी थांबले तर राहूनच जाईल.

तुमचं ते अमेरिकन फुटबॉल मी शिकले ते फोनसाठी. दर शनिवारी संध्याकाळी सहाला, तुमच्याकडे सकाळ असताना, तुमचा फोन यायचा. ‘हाय आजी’, ‘गुड’, ‘फाइन’, की संपला. तुमचा मामा दिवसभर देराला ऑफिसात. इथे आखातात, अल कुसैसच्या या फ्लॅटमध्ये मी आणि एसीची घरघर. तेव्हा ठरवलं, थोरल्याला ज्याचं वेड आहे ते आपण शिकायचं.

निवृत्त होईपर्यंत मी एका ट्रेडिंग कंपनीत जहाजाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायची. एक अक्षर चुकलं तरी बँक कागद परत पाठवायची. त्याच सवयीने मी वही केली आणि नियम उतरवून काढले. मामा हसायचा, “खलास! आई, तू आता अमेरिकन झालीस.” पण फोन अर्धा अर्धा तास चालायला लागले. थोरला प्रश्न विचारायचा, मी वही न बघता उत्तर द्यायची. आजी आता पंच झाली म्हणून धाकटी मागून ओरडायची, “आजी इज द रेफ नाऊ!”

मग थोरल्याची ती मॅच आली. तुमच्या आईने पाठवलेला व्हिडिओ मी सकाळीच चार वेळा पाहिला होता. कुणाच्या तरी हातून चेंडू निसटला, समोरच्या संघाचा एक जण त्यावर झेपावला, तेवढ्यात थोरल्याचा हात चेंडूला लागला आणि तो पुढे गोलरेषेपार गेला. थोरल्याच्याच संघातल्या एकाने त्यावर अंग टाकलं. गुण मिळाले म्हणून सगळे नाचले. पंचाने मात्र गुण रद्द केले, वर दहा यार्डांचा दंड.

“आजी, मी तो पकडत होतो. द रेफ वॉज ब्लाइंड,” थोरला म्हणाला.

मी वही उघडली. “नाही रे राजा. सुटलेला चेंडू उचलता येतो, हाताने मागे ढकलता येतो. मुद्दाम फटकावून पुढे नाही ढकलता येत. तुझा तळहात उघडा होता. पंचाचं बरोबर आहे.”

“आई, जाऊ दे ना,” तुमची आई म्हणाली.

मी नाही जाऊ दिलं. मी व्हिडिओतला सेकंदसुद्धा सांगितला.

“यू वेअर नॉट देअर,” थोरला म्हणाला आणि उठून गेला. स्क्रीनवर त्याची रिकामी खुर्ची तेवढी राहिली.

पुढच्या शनिवारी तो अंघोळीला गेला होता, त्याच्या पुढच्या शनिवारी मित्राकडे. मग फोन महिन्यातून एकदा यायला लागला. ‘हाय आजी’, ‘गुड’, ‘फाइन’.

थोरल्या, आता तुझ्याशी बोलते. तो नियम मी नंतर पुन्हा वाचला. पकडायला गेलेला हात चुकून लागला आणि चेंडू पुढे गेला, तर तो गुन्हाच नाही. सगळं अडतं ते ‘मुद्दाम’वर. ते तुझ्या मनातलं होतं आणि तू मला सांगितलंही होतंस. मी तळहात बघितला, तुझं ऐकलं नाही. पंचाला एका क्षणात ठरवायचं होतं, माझ्यापुढे अख्खी संध्याकाळ होती. आणि तुला माझ्यातला पंच नको होता, एक मैदानावर होताच.

तू खेळ का सोडलास, मला ठाऊक नाही. त्यात माझा हात नसावा असं वाटतं, पण विचारायचा धीर झाला नाही.

वही टेबलावर आहे. तो नियम अकराव्या पानावर आहे, त्याखाली मी लाल शाईने माझी चूक लिहिली आहे. शनिवारी सहाला मी अजूनही घरीच असते.