सगळ्या घराची एकच गोळी

भांडुपला टेंभीपाड्यात वसुधाच्या उकडीच्या मोदकांना तोड नाही. पारीला अशा नाजूक कळ्या पाडते की खाणारा आधी बघतच बसतो. पण यंदा चतुर्थी तोंडावर आली आणि तिच्या उजव्या अंगठ्याने दगा दिला. कळी चिमटीत धरली की कळ थेट कोपरापर्यंत जायची.

घरात औषध एकच. सासूबाईंच्या, म्हणजे द्रौपदीबाईंच्या, बिस्किटाच्या डब्यातली पांढरी गोळी. डोकं दुखो, गुडघा दुखो, तीच. ती घेऊन द्रौपदीबाई घटकाभरात उठून भाकऱ्या थापतात. नवरा शिवदास तर चहा संपायच्या आत बरा होतो. वसुधाने चार दिवस घेतली, ढिम्म फरक नाही.

"सगळ्यांका गुण येता, तुकाच कित्याक येना नाय?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "कामाचो कंटाळो इलो काय?"

आता बोला! दुखणं काय बहुमताने ठरतं? पण रोज तेच ऐकलं की माणसाला स्वतःचंच खोटं वाटायला लागतं. शेवटी वसुधाला वाटलं, गोळीचा काय दोष, आपलाच हात गेला कामातून. मोदकांच्या घेतलेल्या ऑर्डरी परत करायच्या असं ठरवून तिने मोरीत पोटभर रडून घेतलं. या घरात मोदक तेवढे तिचे स्वतःचे होते.

संध्याकाळी सासूबाईंची गोळी संपली म्हणून ती मेडिकलमध्ये गेली. डाव्या हाताने पर्स उघडायची तिची धडपड काउंटरवरच्या अपूर्वाने पाहिली आणि विचारलं. वसुधाने सगळं सांगितलं, अगदी कंटाळ्याच्या टोमण्यासकट.

"काकू, तुमचं काही चुकलेलं नाही," अपूर्वा म्हणाली. "एकच गोळी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. कुणाला मस्त, कुणाला काहीच नाही. मग दुसऱ्या जातीची घेऊन बघायची." मग बीपी, ॲसिडिटी, किडनी, चालू औषधं, सगळं विचारून तिने दुसरी गोळी दिली. "जेवल्यावरच घ्या. आधीची बंद. आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर, काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वसुधाने भीतभीत पारी हातात घेतली. अंगठा कुरकुरला, पण वळला. तिला हसूच फुटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारची सपना कंबर धरून दारात आली. "वसुधाची नवी गोळी झकास आहे म्हणे. द्या ना मला एक."

द्रौपदीबाईंचा हात सवयीने डब्याकडे गेला आणि थांबला.

"तुका तीच लागात कशावरून? मेडिकलात जाऊन इचार." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "हिचो आंगठो खराच दुखत होतो गो. मीच मानूक नाय."

वसुधाने मान वर केली नाही. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. हातातल्या मोदकाला तिने उगाचच जास्त कळ्या पाडल्या.